दिलेल्या संगणकाचा कागद

तीन-चार वर्षांपूर्वी जूनमध्ये आमच्या गावच्या जिल्हा परिषद शाळेत आम्ही बारा संगणक नेऊन ठेवले. कंपनीत नवी मशिनं आली होती, जुनी गोदामात धूळ खात पडली होती. मी तेव्हा त्याच कंपनीच्या आयटी विभागात होतो. म्हटलं, भंगारवाल्याच्या पोत्यात घालण्यापेक्षा शाळेला देऊ. छोटा हत्ती ठरवला, की-बोर्ड आणि माउस खोक्यात भरले. गावात नारळ फुटला, सरपंचांनी फीत कापली, मुलींनी स्वागतगीत म्हटलं, मला शाल मिळाली. तो फोटो पुढे कंपनीच्या अहवालात छापूनही आला.

डिसेंबरात मुख्याध्यापकांचा फोन. "साहेब, सगळ्या स्क्रीनवर खाली उजव्या कोपऱ्यात इंग्रजीत काहीतरी येतंय. पुसतच नाही."

पुसणार कसं? ते 'ॲक्टिव्हेट विंडोज' होतं, म्हणजे विंडोज परवाना मागत होतं. आमच्या कंपनीतलं विंडोज एकगठ्ठा करारावरचं होतं. अशा करारात प्रत्येक मशीन कंपनीच्या सर्व्हरकडून हजेरी लावून घेतं आणि शेवटच्या हजेरीपासून १८० दिवस निर्धास्त चालतं. गोदामातून गावात गेलेल्या मशिनाला तो सर्व्हर पुन्हा दिसणार नव्हताच. जून ते डिसेंबर, सहा महिने. हिशेब अगदी चोख होता, फक्त तो मी केला नव्हता.

मी गुरुजींना म्हटलं, बघतो. आणि कामाच्या रगाड्यात विसरलो. माझी वाट बघून त्यांनी तालुक्याच्या दुकानदाराला बोलावलं. तो पेनड्राइव्ह घेऊन आला, प्रत्येक मशिनामागे तीनशे रुपये घेतले आणि 'क्रॅक मारून', म्हणजे परवान्याची तपासणी चुकवणारा चोरटा प्रोग्राम घालून, गेला. अक्षरं गेली. पण व्हायरस शिरला, आणि आठवड्याभरात सगळ्या पेनड्राइव्हवरच्या फोल्डरांचे शॉर्टकट झाले. सहावीच्या घटक चाचणीची प्रश्नपत्रिका, पोषण आहाराचा हिशेब, स्नेहसंमेलनाचे फोटो, सगळं शॉर्टकट. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी गेलो तेव्हा बारापैकी सात मशिनं चालू होती आणि त्या सातांवर कोणाचा ताबा होता हे सांगणं अवघड होतं.

खरी चपराक पुढेच बसली. मशिनं साफ करताना मी सहज एक ओळीची आज्ञा देऊन मदरबोर्डात, म्हणजे संगणकाच्या मुख्य पाटीत, काही लिहिलेलं आहे का ते पाहिलं. बारापैकी नऊ मशिनांत मूळ विंडोज प्रोची किल्ली, म्हणजे परवान्याचा क्रमांक, तशीच बसलेली होती. कारखान्यातून मशीन निघालं तेव्हा त्याच्याबरोबर विकत घेतलेली, मशिनाच्या नावाने असलेली, पूर्णपणे कायदेशीर. म्हणजे जी वस्तू शाळेच्या हक्काची होती, तीच शाळेने या नऊ मशिनांचे सत्तावीसशे रुपये मोजून चोरीची घेतली होती. आणि ही वेळ शाळेवर आणली ती मी. हरामखोरी नव्हती, नुसता आळस होता.

विंडोज आठपासून, म्हणजे २०१२नंतर, बहुतेक ब्रँडेड संगणकांत ही किल्ली मदरबोर्डाच्या चिपमध्येच असते. त्याआधी पंचवीस अक्षरांचा स्टिकर असे, डेस्कटॉपच्या बाजूला नाहीतर लॅपटॉपच्या पोटाला, आणि पोटाचा स्टिकर दोन वर्षांत घासून पुसून जाई. या परवान्याची अट साधी आहे: तो मशिनाला बांधलेला. मशीन विकलं, दान दिलं, भाच्याला दिलं, तर परवाना मशिनाबरोबर जातो. मशिनापासून सोडवून दुसऱ्या मशिनावर मात्र नेता येत नाही. त्यावर कंपनीने स्वतःच्या कराराचं जे विंडोज चढवलेलं असतं ते बहुधा वर्गणीचं असतं आणि वर्गणी कंपनीची. मायक्रोसॉफ्ट ऑफिसचं तसंच. फोटोशॉपवाल्या ॲडोबीने तर २०१३पासून नवी पॅकेजं विकणं जवळपास बंदच केलं, तिथे सगळं मासिक भाड्याने. थोडक्यात, दान देताना भाड्याचं सामान काढून घ्यायचं आणि घराचं सामान घरात ठेवायचं. आम्ही नेमकं उलटं करतो. भाड्याचं तसंच ठेवतो. किंवा कंपनीची माहिती बाहेर जाऊ नये म्हणून हार्ड डिस्कच काढून घेतो आणि तिच्याबरोबर मूळ विंडोज परत बसवण्याची सोयही नेतो.

माझं म्हणणं एवढंच आहे की संगणक दान देणाऱ्याने परवान्याचा कागद दिला पाहिजे. तो देता येत नसेल तर मुक्त सॉफ्टवेअर, म्हणजे कोणालाही मोकळेपणी वापरता-वाटता येणारं, घालून, शिकवून, वर्षभर फोन उचलण्याची तयारी ठेवून मशीन द्यावं. तेही जमणार नसेल तर सरळ अधिकृत ई-कचरा प्रक्रिया करणाऱ्याकडे पाठवावं. कागदाशिवाय दिलेला संगणक ही मुख्याध्यापकाच्या गळ्यात घातलेली कटकट आहे. तिला शालीची घडी घालून दिली म्हणून ती भेट होत नाही.

यावर ठरलेलं उत्तर येतं: जिल्हा परिषदेच्या शाळेवर कोण धाड घालायला बसलंय? खरं आहे, बहुधा कोणी नाही. तरीही रशियाची एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. उरल भागातल्या पेर्म प्रांतात सेपिच नावाचं गाव आहे. तिथल्या शाळेचे मुख्याध्यापक अलेक्सांद्र पोनोसोव्ह यांच्यावर २००६ मध्ये खटला भरला गेला. शाळेत आलेल्या संगणकांपैकी १२ संगणकांवर बिनपरवान्याचं विंडोज आणि ऑफिस सापडलं होतं. मशिनं आली तेव्हाच ते त्यात घातलेलं होतं, असं मुख्याध्यापकांचं म्हणणं. सरकारी वकिलांनी मायक्रोसॉफ्टच्या नुकसानीचा आकडा काढला सुमारे २ लाख ६६ हजार रुबल. मायक्रोसॉफ्ट म्हणाली, हा खटला आम्ही भरलेला नाही. फेब्रुवारी २००७ मध्ये सोव्हिएत संघाचे माजी अध्यक्ष मिखाईल गोर्बाचेव्ह यांनी बिल गेट्स यांना जाहीर पत्र लिहून या शिक्षकासाठी रदबदली केली. त्याच महिन्यात न्यायालयाने प्रकरण क्षुल्लक ठरवून निकालात काढलं, ते पुन्हा उभं राहिलं, मे महिन्यात ५ हजार रुबल दंड झाला आणि शेवटी डिसेंबर २००८ मध्ये पोनोसोव्ह निर्दोष सुटले.

पाच हजार रुबल ही मोठी रक्कम नव्हे. पण दोन वर्षं गावातला एक शिक्षक 'चोर आहे की नाही' या प्रश्नाला उत्तर देत कोर्टाच्या पायऱ्या झिजवत होता. मशिनं ज्यांनी विकली ते पुरवठादार या गोष्टीत कुठे दिसतात? मला तरी कधी दिसले नाहीत. लक्षात राहतो तो सही करून माल उतरवून घेणारा माणूस.

आपला कायदाही त्या सही करणाऱ्याकडेच बोट दाखवतो. १९५७च्या कॉपीराइट कायद्यात कलम ६३-ब आहे. संगणक प्रणालीची चोरटी प्रत जाणूनबुजून वापरली तर किमान सात दिवस ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड. धंद्यासाठी किंवा फायद्यासाठी वापर नसेल तर न्यायालय कैद टाळून पन्नास हजारांपर्यंत दंडावर भागवू शकतं, एवढी सवलत शाळेसारख्यांना आहे. सगळी गोम 'जाणूनबुजून' या शब्दात आहे. जूनमध्ये आमच्या गुरुजींना काही माहीत नव्हतं. डिसेंबरात स्क्रीनवर अक्षरं उमटली, तीनशे रुपयांची पावती फाटली, त्यानंतर 'माहीत नव्हतं' हे वाक्य त्यांच्या तोंडी शोभणार नाही. त्यांना अजाणतेपणातून जाणतेपणात ढकलण्याचं काम मी केलं होतं.

विकत घेतलेली वस्तू मी कोणालाही देईन, त्यात विचारायचं काय, असं वाटणं स्वाभाविक आहे. पुस्तकाचं तसंच असतं. सॉफ्टवेअर वस्तू आहे की नुसती परवानगी, यावर जगातल्या न्यायालयांचंही एकमत नाही. अमेरिकेत २०१० मध्ये व्हर्नर विरुद्ध ऑटोडेस्क खटल्यात अपील न्यायालयाने सांगितलं की ग्राहकाला मिळतो तो फक्त परवाना, त्यामुळे जुनी पॅकेजं पुढे विकता येणार नाहीत. २०१२ मध्ये युरोपच्या न्यायालयाने ओरॅकल या सॉफ्टवेअर कंपनीच्या प्रकरणात नेमकं उलट ठरवलं: कायमचा परवाना पैसे घेऊन दिला म्हणजे विक्री झाली, आणि एकदा विकलेली प्रत पुढे विकायला कंपनी अडवू शकत नाही. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये तयार सॉफ्टवेअर हा माल आहे असं विक्रीकरासाठी मानलं. २०२१ मध्ये प्राप्तिकराच्या प्रकरणात म्हटलं की ग्राहकाच्या हाती कॉपीराइट येत नाही, कॉपीराइट असलेली वस्तू येते. दोन्ही निकाल कराचे. दान आलेल्या मशिनातल्या विंडोजचं काय, हा प्रश्न त्या न्यायमूर्तींसमोर नव्हताच. माझा कल युरोपकडे आहे, पण माझ्या कलाच्या भरवशावर एखाद्या मुख्याध्यापकाने राहू नये.

चोरी कंपन्यांनाच परवडते, असंही एक मत ऐकू येतं आणि ते निव्वळ चहाच्या टपरीवरचं नाही. चीनबद्दल बोलताना १९९८ मध्ये बिल गेट्स यांनीच वॉशिंग्टन विद्यापीठात म्हटलं होतं की लोक चोरणारच असतील तर आमचंच चोरावं, सवय लागेल, वसुलीचं पुढे बघू. एवढं स्पष्ट बोलल्याबद्दल त्यांचे आभारच मानायला हवेत. शाळेत चोरीचं विंडोज बसवणारा स्वतःला कंपनीविरुद्धचा बंडखोर समजत असेल तर त्याने हे वाक्य लक्षात ठेवावं. त्याने कंपनीचं पुढचं गिऱ्हाईक फुकटात तयार करून दिलेलं असतं.

मग विंडोजऐवजी लिनक्स ही मुक्त प्रणाली घाला की, विषय संपला! पुण्या-मुंबईची आम्ही मंडळी हे फार सहज म्हणतो. मीही म्हटलं होतं. उरलेल्या तीन मशिनांत किल्ली नव्हती, स्टिकर घासलेले होते, म्हणून त्यांवर लिनक्स मिंट आणि लिबरऑफिस घातलं. मराठीसाठी इनस्क्रिप्ट हा कळफलक लावून दिला. कायद्याने काम चोख झालं. तीन महिन्यांनी गेलो तर त्या तीन मशिनांवर टेबलक्लॉथ टाकून ठेवलेले. गुरुजींचा दोष नाही. त्यांनी स्वतः एमएस-सीआयटी केलं ते विंडोजवर. त्यांच्या दहा वर्षांच्या प्रश्नपत्रिका जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये. त्या फाँटचं पॅकेज विंडोजपुरतं, आणि ती फाइल उघडली की लिनक्सवर काना-मात्रा-वेलांटीची भेळ. मुलांना संगणक शिकवायचं कोणतं पुस्तक समोर ठेवायचं, तर तेही विंडोजच्या चित्रांचं.

केरळने हे करून दाखवलं, असा दाखला नेहमी दिला जातो आणि तो खराच आहे. तिथे २००१ मध्ये आयटी ॲट स्कूल प्रकल्प सुरू झाला, पुढे तो मुक्त सॉफ्टवेअरवर गेला, २०१७ मध्ये त्याची 'काइट' नावाची सरकारी कंपनी झाली. पण तिथे काय घडलं ते नीट बघायला हवं. त्यांनी नुसती सीडी वाटली नाही. शाळांसाठी स्वतःची लिनक्स आवृत्ती बांधली, पाठ्यपुस्तकं तिच्यावर लिहिली, परीक्षा तिच्यावर घेतली आणि हजारो शिक्षकांना तिच्यावर बसवलं. मलयाळम आधी आलं, फुकट असणं नंतर. आपल्याकडे तयारीला लागणारं बरंच सामान आहे. शाळांतल्या संगणक शिक्षणाबद्दलचं २०१२चं राष्ट्रीय धोरण मुक्त सॉफ्टवेअरला झुकतं माप देतं, २०१५चं केंद्राचं धोरण सरकारी कामात ते आधी विचारात घ्यायला सांगतं. सीडॅक या केंद्र सरकारच्या संगणक संशोधन संस्थेचं मुख्यालय तर पुण्यातच, आणि 'बॉस' ही लिनक्स आवृत्ती त्यांच्याच संस्थेची. सामान आहे, स्वयंपाक कोणी केलेला नाही. तोवर एकट्यादुकट्या दानशूराने लिनक्स घालून मशीन सोडून जाणं म्हणजे पाहुण्याला कच्चा शिधा देऊन आपण बाहेरून कडी लावण्यासारखं आहे.

फाँटचा उल्लेख आला म्हणून जाता जाता: फाँटही सॉफ्टवेअरच असतो, त्यालाही परवाना असतो, हे मराठी डीटीपी करणाऱ्यांपैकी अर्ध्यांना आजही पटत नाही. या पॅकेजांना मागे डाँगल, म्हणजे परवान्याची खूण असलेली छोटी डबी, लावायचं ते उगाच नव्हे. दिलेल्या मशिनावर मैत्रीखातर शंभर मराठी फाँट 'टाकून' देणारे मी पाहिलेत. गरज काय? मुंबईच्या 'एक टाइप' या फाँट बनवणाऱ्या संस्थेचे मुक्ता आणि बलू हे मुक्त परवान्याचे आहेत, दिसायला सुरेख आहेत आणि शाळेच्या फलकापासून निकालपत्रापर्यंत पुरे पडतात.

हे सगळं आत्ताच लिहायचं कारण म्हणजे लाट आत्ता येते आहे. विंडोज दहाला मायक्रोसॉफ्टचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. विंडोज अकराला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर. म्हणजे २०१७च्या आधीची, हातपाय धड असलेली मशिनं ऑफिसांतून एकदम बाहेर पडताहेत आणि प्रत्येक कंपनीत कोणालातरी आपल्या गावची शाळा आठवते आहे. भावना चांगली आहे. पण या मशिनांचा परवाना खरा असला तरी तो ज्या विंडोजचा आहे त्याचीच सुरक्षा दुरुस्ती बंद झालेली. मायक्रोसॉफ्टने शिक्षणसंस्थांसाठी वाढीव सुरक्षा दुरुस्तीचा दर ठेवला आहे: मशिनामागे पहिल्या वर्षी १ डॉलर, दुसऱ्या वर्षी २, तिसऱ्या वर्षी ४. तीन वर्षांचे मिळून सात डॉलर, म्हणजे दुकानदाराच्या दोन क्रॅकांइतके. पण चाळीस मुलांचा पट असलेल्या शाळेने हा डॉलर भरायचा कुठे? तो एकगठ्ठा करारातूनच मिळतो. इथे शिक्षण विभागाने राज्यासाठी एकदाच बसून सौदा करायला हवा. एका शाळेला जे अशक्य, ते मंत्रालयाला एका बैठकीचं काम आहे. मायक्रोसॉफ्टकडून दानाच्या संगणकांसाठी स्वस्त परवाने मागायचे तर तेही राज्यानेच मागावेत. नूतनीकरण करणाऱ्या अधिकृत व्यावसायिकांमार्फत असे परवाने देण्याची पद्धत तिच्याकडे आहेच.

दुसरी गोष्ट मंत्रालयाचीही वाट न बघता होण्यासारखी आहे. शाळेत वस्तू आली की जडसंग्रह नोंदवहीत चढते: कपाट एक, खुर्च्या सहा, संगणक संच बारा. या नोंदीत संगणकासाठी चार रकाने वाढवायला कोणाचा जीआर लागत नाही. मशिनाचा अनुक्रमांक. मदरबोर्डात किंवा स्टिकरवर असलेल्या परवान्याचा प्रकार, नसेल तर 'नाही' असं स्वच्छ. देताना त्यावर घातलेली प्रणाली आणि ऑफिस पॅकेज. डिस्क कोणी, कधी पुसली. खाली देणाऱ्याची सही आणि फोन. ही माहिती दानपत्रात आली नाही तर मुख्याध्यापकाने माल उतरवून घेऊ नये आणि केंद्रप्रमुखांनी त्याला पाठीशी घालावं. दान नाकारायला आपल्याकडे जीभ रेटत नाही, विशेषतः देणारा गावचाच असला की. म्हणून तर रकाने छापलेले असावेत. वाईटपणा वहीकडे जातो.

कंपन्या म्हणतील, एवढा वेळ कोणाला आहे? मी ते काम केलेलं आहे, म्हणून सांगतो. नोंदवहीतून काढून टाकण्याच्या, म्हणजे निर्लेखनाच्या वेळी प्रत्येक मशीन एकदा चालू करावंच लागतं, डिस्क पुसायलाच. त्याच वेळी किल्ली वाचायला मिनिटही जात नाही. पुसलेल्या डिस्कवर अधिकृत संकेतस्थळावरून घेतलेलं विंडोज दहा चढवलं की ते मदरबोर्डातली किल्ली आपणहून उचलतं. मशिनामागे पाऊण तास, तोही बहुतेक नुसता बसून राहण्याचा. बारा मशिनांसाठी एका माणसाचा दीड दिवस. फीत कापण्याच्या कार्यक्रमाला आम्ही सातजण एक अख्खा दिवस खर्चून गेलो होतो.

आमच्या शाळेत सध्या अशी मांडणी आहे. नऊ मशिनांवर त्यांचंच विंडोज आहे. त्यातली आठ इंटरनेटला जोडलेली नाहीत. मुलं त्यांवर टायपिंग करतात, चित्रं काढतात. टेबलक्लॉथखालची तीन लिनक्सची मशिनं आता सातवीच्या दोन मुली चालवतात. त्यांना विंडोजची सवयच नव्हती, त्यामुळे अडलंही नाही. सरल आणि शालार्थ या सरकारी संकेतस्थळांवरची (विद्यार्थ्यांच्या नोंदी, शिक्षकांचे पगार) कामं ऑफिसातल्या नवव्या मशिनावर होतात, कारण शाळेचं छपाईयंत्र लिनक्सला ओळखच देत नाही. त्या एका मशिनासाठी सुरक्षा दुरुस्ती कशी मिळवायची हे अजून सुटलेलं नाही. गुरुजी दर आठवड्याला विचारतात आणि यावेळी मी फोन उचलतो.